सांगितलेले नाव

त्या मुलीने केसपेपरवर लिहिलं, ‘यशोदाबाई धोंडीराम पगारे’, आणि मी माझ्याच आईचा नवरा झालो. शाळेच्या हॉलमध्ये डोळ्यांचं शिबिर होतं. मोतीबिंदूवाली म्हातारी माणसं मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे वर करून बसली होती. नावं लिहिणारी मुलगी कॉलेजातली होती, छातीला बिल्ला लावलेली, सकाळपासून लिहून लिहून वैतागलेली. तिने पूर्ण नाव विचारलं. आई ‘यशोदाबाई’ म्हणाली आणि थांबली. पुढे काय, असं मुलीने दोनदा विचारलं. मी मागे उभा होतो. आता मी बोलायला हवं हे मला ठाऊक होतं, पण नेमकं त्याच वेळी कुणीतरी माझ्या वहाणेवर पाय दिला आणि मी खाली वाकलो. तेवढ्यात आई पदर ओठाशी नेऊन म्हणाली, “धोंडीरामचे वडील.” हॉलमध्ये गलका होता. मुलीला जेवढं ऐकू आलं तेवढं तिने लिहिलं. मी सरळ होऊन पाहिलं आणि म्हणालो, अहो, धोंडीराम मी आहे, वडील सावळीराम. आजूबाजूची माणसं हसली. मुलगीही हसली, ‘धोंडीराम’वर आडवी रेघ मारून तिने वर ‘सावळीराम’ लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल. मीसुद्धा हसलो. हसता हसता माझ्या जिभेवर अचानक काहीतरी बुळबुळीत आलं. सकाळपासून मी चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. तरी ती चव मी लगेच ओळखली. ओळखणं हेच माझं काम आहे.

आईने वडिलांचं नाव कधीच घेतलं नाही. छप्पन साली आमच्या घरातले देव गेले, उपास गेले, अंगात येणारी आत्यासुद्धा पुढे विहारात वंदना म्हणायला लागली, पण हे एवढं आईकडून सुटलं नाही. वडील ओझरला विमानाच्या कारखान्यात होते, म्हणून शेजारणींशी बोलताना ते ‘ओझरवाले’, माझ्याशी बोलताना ‘तुझे दादा’, आणि समोर असले तर नुसतं ‘अवो’. मी बी.एस्सी. झालो तेव्हा या प्रकाराची मला फार लाज वाटायची. मी तिच्याशी वाद घालायचो, बाबासाहेबांचं नाव पुढे करायचो. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा ‘ओझरवाले आले का बघ’ म्हणायची. वडील जाऊन तीन वर्षं झाली. आता ती ‘ते’ म्हणते आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघते.

सातपूरला आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात मी माल तपासतो. वनस्पतिशास्त्राची पदवी, पांढरा कोट, खिशात भिंग. गोणी येते, मी मूठभर मुळं काढतो, पाहतो, मोडतो, पाण्यात टाकतो, आणि शेवटी तुकडा तोंडात धरतो. भिंग फसतं, जीभ सहसा फसत नाही. सफेद मुसळी म्हणून शतावरी खपवणारे पुष्कळ असतात. सोलून वाळवली की दोन्ही पांढरी. पण शतावरी चावली की मधला दोरा दातात अडकतो, आणि मुसळी कटकन मोडते, मग हळूहळू तोंडात बुळबुळीत होते, घशाखाली गेल्यावरही जीभ ओलसर राहते. हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलं नाही. हे मला बारकूने शिकवलं.

बारकू पेठ गावच्या पलीकडच्या पाड्यावरचा. आधी तो आपला माल पेठच्या व्यापाऱ्याला द्यायचा. त्याच्या मुळांसारखी मुळं मी दुसऱ्या कुणाची पाहिली नव्हती. खापरीने घासून सोललेली, कुठे काळा डाग नाही, एकाही मुळीला माती नाही. व्यापाऱ्याच्या गोणीत ती वेगळी ओळखू यायची. मीच माग काढला आणि निरोप धाडला की थेट कारखान्यात या. अठ्ठ्याहत्तर साली दिवाळीनंतर तो आणि त्याची बायको झुंबरबाई एस.टी.च्या टपावर गोणी टाकून आले. बिनडागी मालाचा माणूस मी शोधून काढला, म्हणून मी तेव्हा मिरवलो होतो. बारकू उंच, वाळका, कानात बाळी, आणि बोलणं इतकं हळू की आपल्याला वाकून ऐकावं लागे. वजन होईपर्यंत तो माझ्याशेजारी बाकावर बसला. मी मुसळी मुसळी म्हणत होतो, आणि तो दर वेळी दाराकडे पाहत होता. शेवटी त्याने माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली. म्हणाला, “भाऊ, तिचं नाव घ्याचं नाय. खणताना नाय, आणताना नाय, हाती देताना नाय. रानाला ऐकू गेलं का रान तिचा गुण माघारी घेतं. पोटात गेल्यावर घ्याचं नाव.” मग तुम्ही तिला म्हणता काय, मी विचारलं. तो इकडेतिकडे पाहून माझ्या कानाशी म्हणाला, “खड्यानाग.” आणि लहान मुलासारखा हसला.

खड्यानाग म्हणजे कळलावी. पावसाळ्यात कुंपणावर तिची लाल-पिवळी फुलं दिसतात. तिचा कंद पोटात गेला तर माणूस उठत नाही. चांगल्या मुळीला विषाचं नाव द्यायचं, म्हणजे रानाला वाटतं, जाऊ दे ही पीडा. मी त्या दिवशी घरी येऊन बायकोला ही गंमत सांगितली. आदिवासी लोक किती भाबडे असतात, वगैरे म्हणालो असेन. आई कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. माझं नाव धोंडीराम का, हे त्या दिवशी माझ्या डोक्यातही आलं नाही.

पुढच्या वर्षी कारखान्यात नवा नियम आला. कुठल्यातरी गोणीत भलतं मूळ निघालं होतं, गुजरातेतून तक्रार आली होती, आणि साहेबांनी लाल पुठ्ठ्याची नवी नोंदवही काढली. तिच्यात दोन रकाने. ‘आणणाऱ्याने सांगितलेले नाव’ आणि ‘तपासणीत आढळलेले नाव’. पहिल्या रकान्यापुढे आणणाऱ्याचा अंगठा, दुसऱ्यापुढे माझी सही. नियम मलाही आवडला होता. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती, आणि छापील रकान्यापुढे सही करायला मिळणं म्हणजे अर्धं कायम झाल्यासारखंच वाटत होतं. दिवाळी झाली, बारकू आला. गोणी सोडली, मी तुकडा तोंडात टाकला. तो मोडला, बुळबुळीत झाला, उत्तम माल होता. तेवढ्यात साहेब आत आले आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. त्यांच्या अत्तराचा वास मला अजून आठवतो. ते म्हणाले, विचारा त्याला, काय आणलंय. नियमाप्रमाणे विचारा.

मी विचारलं. बारकू दाराकडे पाहू लागला. मी पुन्हा विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत सरळ सरळ होतं की तुला तर माहीतच आहे. मला माहीत होतंच. मी म्हणू शकलो असतो, साहेब, यांच्यात नाव घेत नाहीत, माल मुसळीचा आहे, मी चाखलाय. एवढं एक वाक्य. पण मागे साहेब, बाजूला स्टोअरकीपर वाल्मीक अंगठ्याची शाई घेऊन उभा, आणि मला एकदम राग आला. या माणसाला मी इथवर आणला आणि हा चारचौघांत माझी फजिती करतोय, असला काहीतरी हलका राग. मी आवाज चढवून म्हणालो, “नाव सांगितल्याशिवाय काम पुढे जात नाही, बाबा. ज्याचं त्यानं सांगायला हवं.” बारकूने एकदा गोणीकडे पाहिलं. मग अगदी हळू, पण साहेबांना ऐकू जाईल असं म्हणाला, “खड्यानाग.” साहेबांनी विचारलं, म्हणजे काय. मी म्हणालो, कळलावी. ते म्हणाले, ती विषारी ना. मी हो म्हणालो. मग लिहा, ते म्हणाले.

मी लिहिलं. पहिल्या रकान्यात ‘खड्यानाग (कळलावी)’. दुसरा रकाना मोकळा होता. तो माझा होता. तिथे नाव लिहायलासुद्धा माझा हात धजला नाही. मी दोन बारीक तिरप्या रेघा मारल्या, शाळेत मारायचो तशा, म्हणजे बाजूच्यासारखंच. आणि खाली सही. तुकडा अजून माझ्या गालात होता. थुंकावा तर साहेब पाहतील, म्हणून मी तो गिळला. विष म्हणून लिहिलं आणि गिळलं. बारकू माझ्या गळ्याकडे पाहत होता. त्याने तो तुकडा खाली जाताना पाहिला. त्याचा चेहरा बदलला नाही, फक्त मागल्या वर्षीचं ते हसू मला पुन्हा दिसलं नाही. वाल्मीकने त्याचा अंगठा धरून वहीवर टेकवला.

गोणी मागच्या खड्ड्यात ओतून जाळली. एवढ्यावर भागलं असतं तर मी कदाचित विसरलोही असतो. पण साहेबांनी फाटकावरच्या फळ्यावर त्याचं नाव लिहून घेतलं आणि पेठच्या व्यापाऱ्यांना पत्रं धाडली की या पाड्याचा माल घेताना जपावं. जपावं म्हटल्यावर कुणी घेतोय होय. त्या पाड्यावरची मुळं, हिरडे, मध, सगळंच विषाचं झालं. पुढल्या दिवाळीनंतर बारकू एकदा आला होता, फाटकाबाहेर थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. मी खिडकीतून पाहिलं. खाली उतरलो नाही, तेव्हा हातात काहीतरी काम होतं. मग वाल्मीककडून कळत गेलं. वाल्मीकची सासुरवाडी तिकडची. पाडा रिकामा होतो म्हणे आताशा, दसरा झाला की सगळी घरं पिंपळगावकडे द्राक्षांच्या बागांत जातात, लेकराबाळांसकट. त्र्याऐंशीच्या थंडीत तिथेच एका बागेच्या बांधावर, तापाने, बारकू गेला. वाल्मीक हे डबा खाताना सांगत होता. मी माझा डबा पुरा खाल्ला. तेव्हा मी कायम होऊन दोन वर्षं झाली होती.

आईच्या डोळ्याचं काम दुपारी झालं. हॉलच्या एका बाजूला सतरंज्यांवर म्हाताऱ्या माणसांना ओळीने निजवलं होतं, प्रत्येकाच्या एका डोळ्यावर पांढरी पट्टी. मी आईच्या उशाशी बसलो. तिला बोलायची मनाई नव्हती, पण हलायची होती. मी उगीच विचारलं, दादा गेले, आता तरी नाव घ्यायला काय हरकत आहे. ती छताकडे तोंड करून म्हणाली, हरकत कसली, पण एवढी वर्षं राखलं, आता शेवटी कशाला. मग मी विचारलं नसताना म्हणाली, तुझ्याआधी दोन गेले. एक अशोक, एक आनंद. चांगली नावं ठेवली होती. “मग तुला धोंड्या केलं. दगडाला कोण नेतंय?” तिने चाचपून माझा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला. मला हे सगळं माहीत होतं, लहानपणापासून. माहीत असलेल्या गोष्टी माणूस किती आत पुरून ठेवतो, याची मला तिथे बसल्या बसल्या भीती वाटली. मी अशा टाकाऊ नावाने वाढलेला माणूस. माझ्यासमोर एकाने आपल्या चांगल्या मुळीला तसंच नाव दिलं, आणि मी ते खरं धरलं. खरंही धरलं नाही. खरं काय ते माझ्या तोंडात होतं.

मी आईला सगळं सांगितलं. सात वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. डोळ्यावर पट्टी आणि मान हलवायची मनाई, त्यामुळे ती माझ्याकडे पाहू शकत नव्हती, म्हणून जमलं असावं. रेघा, गिळलेला तुकडा, फळा, द्राक्षाची बाग, सगळं. मग तिने विचारलं, “मग तू खोडलं का नाहीस?” मी म्हणालो, आई, ती नोंदवही असते, तिच्यात खाडाखोड चालत नाही, वरची सही लागते, आणि आता सात वर्षांनी. ती म्हणाली, “माझ्या कागदावर त्या पोरीनं लगेच खोडलं की.” एवढंच म्हणाली. गुडघ्यावरचा हात काढून घेऊन तिने तो आपल्या पोटावर ठेवला. मला तो हात परत हवा होता.

दुसऱ्या दिवशी मी वाल्मीककडून जुन्या दप्तराच्या खोलीची किल्ली मागितली. लाल पुठ्ठ्याची वही चौथ्या थप्पीत खाली होती, कडा उंदरांनी खाल्लेल्या. पान सापडायला वेळ लागला नाही. अंगठा अजून निळा होता. माझ्या दोन रेघा मला वाटत होत्या त्यापेक्षाही लहान होत्या, शाईचा शिंतोडा म्हणून सोडून दिल्या असत्या कुणी. मी त्यांच्यावर आडवी रेघ मारली, वर लिहिलं, ‘सफेद मुसळी, उत्तम. पूर्वीची नोंद जाणूनबुजून चुकीची केलेली होती’, आणि खोडल्या दिवसाची तारीख घालून सही केली. वाल्मीक माझ्या खांद्यावरून वाचत होता. तो म्हणाला, हे साहेबांना दाखवणार आहात का. मी म्हणालो, दाखवणार. तो म्हणाला, पगारेसाहेब, आता याचा उपयोग कुणाला. उत्तर मला ठाऊक होतं आणि ते लाजिरवाणं होतं. मी तसाच वर गेलो आणि वही साहेबांच्या टेबलावर उघडून ठेवली. ते म्हातारे झाले होते. चष्मा वर करून त्यांनी पान वाचलं, कोण हा बारकू म्हणून विचारलं, आणि सांगितल्यावरही त्यांना आठवेना. म्हणाले, बरं बरं, पुसून टाका फळ्यावरचं. फळा केव्हाच नवा लागला होता.

रविवारी मी पेठची गाडी धरली आणि तिथून पाड्यावर चालत गेलो. अर्ध्याहून जास्त घरं कुडाचं दार दोरीने बांधून गेलेली होती. झुंबरबाई होती, पाय दुखावल्यामुळे मागे राहिलेली. तिने मला लगेच ओळखलं. ओट्यावर गोणपाट टाकलं, तांब्याभर पाणी दिलं. मी तिला सांगितलं, मावशी, त्या दिवशी मला माहीत होतं. माल चांगला होता हे माहीत होतं, आणि नाव का सांगत नाहीत हेही. तरी मी लिहिलं. आता खोडलंय. व्यापाऱ्यांना मी नवी पत्रं लिहिली आहेत. ती सुपात नागली पाखडत होती, ते तिने थांबवलं नाही. रागावली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मी हलका होऊन परत आलो असतो. म्हणूनच मी गेलो होतो बहुधा. ती एवढंच म्हणाली की त्यांना ठावकं होतं, तुम्ही गिळलं ते. घरी आल्यावर सांगितलं होतं त्यांनी. पाण्याचा तांब्या मी पुरा प्यायलो आणि उठलो. दोनचा सुमार होता आणि परतीच्या गाडीला अजून बराच अवकाश होता.

डिसेंबरात ती आली. फाटकावरच्या माणसाने वर निरोप धाडला की एक बाई गाठोडं घेऊन आलीय आणि तुमचंच नाव सांगते. मी जिना उतरलो, तिला आत आणलं, बारकू बसायचा त्याच बाकावर बसवलं. गाठोडं लहान होतं, जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेलं. सोडलं तर आतली मुळं तशीच, खापरीने घासलेली, पांढरीशुभ्र, कुठे डाग नाही. लंगडत्या पायाने ही कुठल्या उतारावर चढली असेल, असं माझ्या मनात आलं. वाल्मीकने वही उघडून ठेवली. मी घाईघाईने म्हणालो, मावशी, तुम्ही काही सांगू नका, नाव मी लिहितो, मला माहीत आहे. आणि लेखणी पहिल्या रकान्यावर टेकवली.

“नाय,” ती म्हणाली. “नियम हाय ना तुमचा.” ती बाकावरून उठून उभी राहिली, शाळेत उभं करतात तशी. डोक्यावरचा पदर नीट केला. वाल्मीकने आणणाऱ्याचं नाव विचारलं. “झुंबरबाई बारकू,” ती म्हणाली, नवऱ्याच्या नावावर न अडखळता. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “आणि ही मुसळी. सफेद मुसळी.” आवाज मोठा होता, बाहेर अंगणात हमाल वळून पाहायला लागले. मी खाली पाहिलं. ती पुन्हा बाकावर बसली, पाय चोळला, आणि अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली, “आता घ्या. नाव घेतलं तिचं. आता ती औषिद नाय. नुसता माल हाय, तुमच्या कामाचा.”

सवयीने मी तुकडा तोंडात टाकला. कटकन मोडला, दोरा नव्हता, हळूहळू बुळबुळीत झाला. सगळं होतं तसंच होतं. वाल्मीक वाट पाहत होता. पहिल्या रकान्यात त्याने तिने सांगितलेलं नाव लिहिलं होतं, तिचा अंगठा झाला होता. दुसरा रकाना माझा होता. मी ‘सफेद मुसळी’ पूर्ण अक्षरांत लिहिलं, सही केली, आणि मग तोंडातलं मला गिळता येईना.